पाचवीची हळद

तिसगाव, मंगळवार, मार्च १९७३

सशांचा नर आणि मादी वेगळ्या पेट्यांतच ठेवायची, असं आज पक्कं ठरवलं. या दुष्काळात दोघांपुरता पाला मिळेना, पिल्लांना काय घालू? आणि ती हळद विसरू कशी? मागच्या खेपेला बायकोनं पिल्लांची पाचवी पुजली, पाचही जणांना हळद-कुंकू लावलं. मादीनं हुंगलं आणि पुन्हा जवळ घेतलंच नाही. सगळी गेली. हिला काय बोलणार? आमच्या घरात तेवढी एकच पाचवी झाली.

संध्याकाळी पाहतो तर मादीनं छातीचे केस उपटून पिल्लांसाठी घरटं केलेलं!

"मीच सोडला हुता नराला तिच्या पेटीत, म्हैना झाला," ही म्हणाली. "आता हात न्हाई लावनार. लांबूनच हळद टाकीन."

हळदीचा डबा लपवायला गेलो. तो आधीच पेटीशेजारी ठेवलेला.