राजाच्या दारातलं पायताण

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काल पणदऱ्याच्या घरी माळा झाडताना तुमचे ते जाड फौजी मोजे हाताला लागले आणि मी ते घेऊन तिथंच बसले; लेहच्या राजवाड्यात वाटली होती तीच भीती. भीती जुनी होत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून लिहायला बसले आहे.

तेव्हा इंदापुरात एसटीडीचे बूथ नुकतेच आले होते. तुमच्या जावयांनी लेहच्या छावणीतून फोन केला, उन्हाळ्यात कुटुंब आणायची परवानगी मिळाली आहे, आबांनाही घेऊन ये. मेंढरांमागं कोकणापर्यंत पायी गेलेला माणूस तुम्ही. विमानाच्या खिडकीतून उघडे डोंगर बघून एवढंच म्हणालात, "हितं चारा न्हाय. मेंढरं खात्यात काय?" जावयांनी बजावलं होतं की हवा विरळ आहे, पहिले काही दिवस नुसतं पडून राहायचं. पण पडून राहणं तुम्हाला ठाऊक कुठं होतं? दुसऱ्याच दिवशी ते कामावर गेले आणि तुम्ही टेकडीवरच्या राजवाड्याकडे बोट केलंत. "राजाच्या गावात यिऊन त्याच्या दाराशी जायाचं न्हाय, आसं कुठं आसतंय व्हय? चल." मी नको म्हणत होते आणि चपला घालत होते. तुमच्यापुढं माझं कधी काही चाललं का?

गल्ल्यांतून चढताना तुम्ही दर वळणावर थांबत होता, शेळ्या बघतोय असं दाखवत होता. राजवाडा वर उभा, माती-दगडाचा, तिबेटी धाटणीचा, मजल्यावर मजले चढवलेला. तिथल्या राजांनी तिबेटातल्यासारखंच बांधकाम करून घेतलं म्हणतात. दाराच्या लाकडात सिंह कोरलेले. ते दिसताच तुम्ही खाली बसलात. बूट काढले, मोजे काढले, खांद्यावरचं घोंगडं घडी करून त्यांवर ठेवलंत. इंदापूरच्या गढीपुढून जाताना तुमचे वडील पायताण हातात घेऊन चालायचे, ते तुम्ही लहानपणापासून पाहिलेलं. किल्ली घेऊन आलेला म्हातारा लामा मोडक्या हिंदीत म्हणाला की राजाचं घराणं कधीच नदीपलीकडं राहायला गेलं, इथं कुणी नाही. मी तुम्हाला ते सांगितलं. तुम्ही म्हणालात, "राजा नसंना. दार तर त्याचंच हाय."

आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. लामाच्या हातात बॅटरी, तिच्या उजेडात जमिनीला पडलेली भगदाडं, त्यांतून खालच्या मजल्यावरचा अंधार. कुठं नुसती फळी टाकलेली. तुम्ही त्या थंडगार मातीवर अनवाणी चालताय, मी तुमचा सदरा मागून घट्ट धरलाय, आणि तुमचा श्वास मला भात्यासारखा ऐकू येतोय. वर देवघर होतं. लोण्याचा दिवा, राजाच्या वेळची चित्रं, धुरानं काळवंडलेले मुखवटे. तुम्ही हात जोडलेत आणि तसेच भिंतीला टेकून खाली घसरलात. ओठ निळे पडलेले. "आबा," म्हटलं तर तुम्ही आईचं नाव घेतलंत. आईला जाऊन तेव्हा किती काळ लोटला होता. मी एवढी कधीच भ्याले नाही, आबा. वाटलं, बापाला इतक्या लांब मी मारायलाच आणलं.

लामा पळत खाली जाऊन तुमचे बूट-मोजे आणि घोंगडं घेऊन आला. तुमची पावलं दगडासारखी गार, भेगांत माती. मी मोजा चढवायला गेले तर तेवढ्या अवस्थेतही तुम्ही पाय आखडून घेतलात. "न्हाय. राजाच्या घरात न्हाय." मी रडले, ओरडले, तुम्ही ढिम्म. असे अनवाणी, थरथरत्या पायांनी त्या फळ्यांवरून तुम्ही उतरणार कसे? तेवढ्यात लामा आपल्या भाषेत काहीतरी बोलला. मी म्हटलं, "आबा, तो काय म्हणतोय ऐका. राजाचा हुकूम हाय. थकल्या माणसानं हितं पायताण घालूनच चालायचं." तुम्ही दिव्याकडं बघितलंत. मग पाय पुढं केलात, लहान पोरानं करावा तसा. एका बाजूनं मी, एका बाजूनं लामा, असे आपण उतरलो. पुढं जीप, मिलिटरीचा दवाखाना, नाकाला नळी. जावई माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

गावी आल्यावर मात्र तुम्ही राजे झालात. नरसिंहपूरला संगमावर गेलं तरी तेच, पाव्हणा आला तरी तेच. "मला राजानं हुकूम सोडून पायताण घालाया लावलं. आमच्या बापाला असा मान मिळाला न्हाय." ते ऐकताना मी चहा टाकायला आत उठून जायची.

शेवटी तुम्हाला रीतीप्रमाणं अनवाणीच नेलं. तेव्हापासून माझ्या मनात एकच धास्ती आहे. तिकडंही एखाद्या मोठ्या दाराशी तुम्ही गार जमिनीवर तसेच उभे असाल, कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघत. हे पत्र कुठं टाकायचं मला माहीत नाही, त्या मोज्यांतच घालून ठेवेन. पण आबा, लामा तेव्हा त्याच्या भाषेत बोलला त्यातलं एक अक्षरही मला कळलं नव्हतं. हुकूम माझा होता. अजूनही माझाच आहे. पायात घाला.