दुरुस्ती नंबर चौदा

३ जुलै, गुरु. मस्कत.
साडेबाराला काम बंद. उन्हाळ्यात इथे साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करायला बंदी. कायदाच आहे. परांचीवरून उतरलो, कॅम्पात आडवा झालो, तेवढ्यात काळाचौकीहून आत्याचा व्हॉइस. आत्या बोलत नाही, भांडतेच.
"राहुल, तुझी खोली जातेय रे. सरकारनं बिल आणलंय. आधी ऐक, मग बोंबल."
चाळ पाडून टॉवर होणार हे जुनंच. नवीन एवढंच की सर्व्हेच्या दिवशी जी खोली बंद, ती रिकामी धरणार. कलम ९. बाबा नाहीत, गेल्या वर्षी आईपण गेली. कुलूप माझं. म्हणजे मी पण मेलो, सरकारच्या हिशोबात.

४ जुलै, शुक्र. सुट्टी.
सुर्वेकाकांना फोन. काका चाळ कमिटीचे सेक्रेटरी. गिरणी बंद पडल्यापासून तेच काम.
म्हणाले, "घाबरू नको. आपला आमदार दुरुस्त्या देतोय. कामाला बाहेर असेल त्याला येऊन खोली उघडायला सहा महिने मुदत, अशी तुमची पण घातलीय."
तुमची पण. विचारलं, एकूण किती?
"चौदा."
आमची कितवी?
"चौदावी. अरे, मीटिंगला जो आला त्याचं एक एक लिहून घेतलं. कोणाला नाराज करू? पहिली गणपतीच्या मांडवाच्या जागेची, ती पहिलीच असणार. मग लिफ्ट, पार्किंग, विहाराची जागा, गच्चीची चावी... तुम्ही बंद खोलीवाले कोण आलात सांग?"
आणि हसले.
अकरा खोल्या बंद. एक बोटीवर, दोघे दुबईला, मी इथे. मीटिंगला काय उडत येऊ?
मग चाळीचा व्हॉट्सॲप ग्रुप वर सरकवून बघितला. ती यादी रविवारी टाकलेली. खाली माझाच अंगठा. न वाचता. सगळे देतात म्हणून मी पण दिला.
गाढव.

८ जुलै, मंगळ.
काकांनी विधानसभेच्या उद्याच्या कामाचा कागद पाठवला. एका तासात तीन बिलं. हे कोण ठरवतं? म्हणे त्यांची समिती असते वेळ वाटून द्यायला. आमदाराने चौदाच्या चौदा एकदम मांडायच्या आणि त्यावर बोलायला मिनिटं सात. आमच्या चाळीत पाण्याच्या टाकीवर याहून जास्त वेळ भांडतात.
म्हटलं काका, त्याला सांगा आधी आमची बोल. मांडवाने कोणाचं घर जात नाही.
"तो कागद बघून बोलतो, क्रमानं. आणि मांडव मागे टाकला तर मंडळाची पोरं मला जिना उतरू देतील का?"
मंत्र्याने नुसतं ऐकलं तरी... जाऊ दे.

९ जुलै, बुध.
पाहिलं. मोबाईलवर, जेवताना.
आमदार उभा राहिला. मांडव, परंपरा, संस्कृती, गिरणगाव. दोन्हीकडची बाकं वाजली, तसा त्याला आणखी चेव. पाच मिनिटं मांडवच! मग लिफ्ट. घंटा. पार्किंग. घंटा.
"सन्माननीय सदस्यांनी संपवावं."
"अध्यक्ष महोदय, अजून महत्त्वाचा मुद्दा..."
"वेळ संपली."
माईक बंद. तोंड हलतंय, आवाज नाही. मग सगळ्या दुरुस्त्या एकत्र मताला. होय म्हणा, नाही म्हणा, नाहीचे बहुमत. पुढची सगळी कलमं एका दमात. माझं ९ त्यात कुठे गेलं कळलंच नाही. हातातली चपाती संपली नव्हती, बिल पास.
बाजूच्या खाटेवरचा बिहारी विचारतो, "क्या हुआ भाई, मॅच हार गए?"
त्याला काय सांगू. आमची टीम मैदानात उतरलीच नाही.
ग्रुपवर आमदाराचा व्हिडिओ, "मांडवासाठी गरजला वाघ". खाली शंभर अंगठे. मांडवाला तरी जागा मिळाली का रे? ती दुरुस्ती पण पडली! ग्रुप सोडला. तासाने काकांना सांगून परत आलो. दुसरीकडून बातमी कुठली मिळायला.

११ जुलै, शुक्र.
अजून वरचं सभागृह बाकी, परिषद. सोमवारी. तिथले एक प्राध्यापक आमदार दुरुस्ती द्यायला तयार आहेत. काकांना म्हटलं, एकच द्या. आमचीच.
"मंडळाला काय सांगू?"
सांगा गणपती दहा दिवसांचा पाहुणा, आम्हाला बारा महिने राहायचंय.
काका चिडले. "तू जयभीमवाला, तुला काय मांडवाचं?"
म्हटलं काका, त्या मांडवाचे बांबू दहा वर्षं मी बांधलेत. वर चढायला दुसरा कोण तयार व्हायचा, तुमचा बंड्या?
फोन कट.
संध्याकाळी त्यांचा मेसेज: एकच दिली.

१४ जुलै, सोम.
प्राध्यापक चार मिनिटं बोलले. फक्त आमच्यावर. 
मंत्री उठला. भावना समजतो, कोणावर अन्याय होणार नाही, नियम करताना विचार करू. सदस्यांनी दुरुस्ती मागे घ्यावी. इथे बिलात बदल झाला तर परत खालच्या सभागृहात न्यावं लागेल आणि शुक्रवारी अधिवेशन संपतंय.
आणि त्यांनी घेतली. मागे. वर आभार मानले! बिल तिथेही पास.
काका खूश. "आश्वासन मिळालं रे. रेकॉर्डवर आलं."
म्हटलं, सर्व्हेवाला रेकॉर्ड वाचून दारात येणार काय?
त्यांनी फोन ठेवला. मग आत्याला लावला. आत्या बोलली. "मी उभी राहते दारात. सांगते, पोरगा कामाला गेलाय, मेलेला नाही."
तिला कोण सात मिनिटं देणार.

१७ जुलै, गुरु.
सर्व्हे कधी, कोणाला माहीत नाही. काका म्हणतात नोटीस दारावर लागेल, आठ दिवस आधी. इथे सुट्टी महिनाभर आधी मागावी लागते.
तरी फॉर्म घेतला. नाव भरलं. कारण: घर. फोरमन केरळचा, वाईट माणूस नाही. बघून म्हणाला, "डेट?"
"मालूम नहीं."
"डेट के बिना कैसे चलेगा? कब जाना है, वो तो बोल."
"वो लोग बोलेंगे तब."
"कौन लोग?"
 फॉर्म तसाच त्याच्या टेबलावर ठेवला, तारखेची जागा कोरी. त्याने सही केली नाही, परत पण दिला नाही. साडेतीनचा भोंगा झाला, वर चढलो.