मधल्या मजल्यावरची खिडकी

नांदेड,
१ डिसेंबर

प्रिय अक्का,

तुला पत्र लिहायची सवय मोडून वीस वर्षं झाली. लातूरला होस्टेलवर होतो तेव्हा दर पंधरवड्याला लिहायचो, आणि तुझं उत्तर यायचं, सातवीपर्यंतच्या गोल अक्षरात, की पोटभर जेव, पेपरची धास्ती घेऊ नको. आता फोन आहे, पण फोनवर आपण काय बोलतो? "थंडी हाय का?" "हाय." "जेवलास का?" "जेवलो." वर्षभर एवढंच चाललंय. जे बोलायचं आहे ते तुझा आवाज ऐकला की राहूनच जातं. म्हणून कागद घेतला. घराचं पहिल्यापासून सांगतो. सगळं तुझ्या डोळ्यांसमोर घडलं असं तुला वाटेल, पण काही गोष्टी तुलाही माहीत नाहीत.

मालेगाव रोडचं घर बांधायला काढलं तेव्हा तू विचारलं होतंस, दोन माणसांना तीन मजले कशाला? खाली हॉल आणि स्वयंपाकघर, मधे आरतीची नि माझी खोली, आणि सगळ्यात वर तुझी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि तू सोळाची. मी हाताशी येईपर्यंत तू लग्नाला उभी राहिली नाहीस. दाजी गेल्यावर उदगीरच्या त्या दोन खोल्यांत तू एकटी राहतेस हे मला खुपत होतं. पण तुझी खोली वर म्हणजे स्लॅब दिवसभर तापणार. नांदेडचा मे महिना कसा असतो ते तुला ठाऊक आहे. पंखा लावला की चुलीवरची हवा तोंडावर येते, आणि कूलरला पाणी घालावं तर नळ चार दिवसांनी. म्हणून तिन्ही मजल्यांना थंडाव्याची पक्की सोय करायची असं मी पाया भरतानाच ठरवलं होतं.

दोन महिने दुकानं हिंडलो. कुणी म्हणे सगळ्या घराला मिळून एकच मोठं मशीन बसवा आणि छतातून हवा फिरवा. कुणी म्हणे खोलीगणिक वेगळा एसी घ्या, एक बिघडला तरी दुसरा चालतो. शेवटी लोह्याचा श्रीमंत नावाचा एक मेकॅनिक भेटला. बोलायला तुटक, कामाला चोख. त्यानं टेप लावून तिन्ही मजले मोजले, पश्चिमेच्या भिंतीला भर दुपारी तळहात लावून बघितला. म्हणाला, "साहेब, तिन्ही मजल्याला एक माप चालत न्हाई. वर दोन टनाचं लागतंय, खाली एक टनात भागतंय. अन् मधल्या खोलीत थंड-गरम दोन्ही करणारं घ्या. हिवाळ्यात कामाला येतंय." मी हसलो. नांदेडात थंडी किती दिवस, पंधरा? आरती मागून म्हणाली, "घ्या की, उद्या घरात लेकरू होईल." तिला तेव्हा दिवसही गेले नव्हते. मी तिचं बोलणं चेष्टेवारी नेलं आणि नुसतं थंड करणारं घेतलं.

गवंड्यानं प्रत्येक दारावर झरोका ठेवला होता. तिथून थंडावा निघून जाईल म्हणून मी ते सगळे विटा लावून बुजवून घेतले. खिडक्यांना रबरी पट्टीच्या जाड काचा बसवल्या. हे चाललेलं बघून श्रीमंत थांबला. पुढचं तुला कधी कळलंच नाही, अक्का. तो म्हणाला, "झरोके बुजवता तर बुजवा, मशीनला बरंच हाय. पण मग खोलीत विस्तव न्हाई पेटवायचा. शेगडी न्हाई, घमेलं न्हाई. कोळशाचा वायू दिसत न्हाई, त्याला वास न्हाई, माणूस झोपंतच जातंय. घरात सगळ्यांना सांगून ठेवा." मी "हाव, हाव" म्हटलं आणि रंगाऱ्याशी बोलायला गेलो. घरात कुणालाही सांगितलं नाही. आरतीला नाही, तुला नाही.

मे महिन्यात तू आलीस तेव्हा बाहेर पंचेचाळीस होतं आणि तू वरच्या खोलीत शाल पांघरून बसली होतीस. "किल्ल्याच्या भुयारात बसल्यावानी वाटतंय रे," म्हणालीस. आरतीला दुसरा महिना लागला होता. ती तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली, आणि तुम्ही दोघी नावं काढत होता. त्या दुपारी मला वाटलं होतं, आता काही कमी नाही.

पहिलं बाळंतपण नायगावला, तिच्या आईकडं, सरजाबाईंकडं व्हायचं होतं. पण ऐन नोव्हेंबरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मीच त्यांना फोनवर सांगितलं, काळजी करू नका, आमच्याकडं सगळ्या सोयी आहेत. हे शब्द त्यांनी मला पुढं कधी ऐकवले नाहीत. ऐकवले असते तर बरं झालं असतं. मग मी तुला बोलावलं. उदगीरच्या तुमच्या गल्लीतली निम्मी लेकरं तुझ्या हातानं न्हालेली, तुझ्याइतकं भरवशाचं माणूस मला दुसरं कोण होतं?

पोरगी झाली ती दोन किलो शंभर ग्रॅमची. डॉक्टरांनी ऊब द्या म्हणून बजावलं आणि नेमकी त्याच आठवड्यात थंडी उतरली. उन्हापासून वाचवायला बांधलेल्या त्या भिंती गार पडल्या. तू एसीकडं बोट दाखवून विचारलंस, "हे गरम वारा देतंय का रे?" मी म्हणालो, "न्हाई अक्का, ते येगळं असतंय. उद्या हीटर आणतो." तीन दिवस मी उद्याच म्हणत राहिलो. एकदा मीटिंग लांबली, एकदा दुकान बंद होतं, एकदा चक्क विसरलो. चौथ्या दिवशी तू शेगडी काढलीस. अंगणात कोळसे पेटवून, धूर पूर्ण जाऊन ते लाल झाल्यावरच वर मधल्या खोलीत नेलेस. तुला जेवढं माहीत होतं तेवढी सगळी काळजी तू घेतलीस.

आता त्याच सकाळचं. मी बूट घालून ऑफिसला निघालो होतो. तू विचारलंस, "सिद्धू, खिडकी जराशी उघडी ठेवू का? आत विस्तव हाय." मी म्हणालो, लेकराला वारं लागेल. बुटानिशी आत आलो, काच ओढली आणि खटका लावला. तू म्हणालीस, "बरं, तू म्हणतोस तर." श्रीमंतचं बोलणं मला तेव्हा आठवलं नाही, असं मी वर्षभर स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. आठवलं होतं. वाटलं, तो रात्रभर विस्तव ठेवून झोपणाऱ्यांबद्दल बोलला असेल. दिवसाउजेडी, माणसं जागी असताना काय होतंय? आणि मला उशीर होत होता.

एक वाजता पोरगी रडायची थांबेना. तुझंही डोकं ठणकत होतं, चहा झाला नाही म्हणून असेल असं तुला वाटलं. आरती म्हणाली, "अक्का, डोकं लई जड झालंय, जरा पडते." दोन रात्री तिचा डोळा लागला नव्हता. तू पोरीला घेऊन खाली उन्हात आलीस आणि तिची झोप मोडू नये म्हणून दार ओढून घेतलंस. चार वाजता चहा घेऊन वर गेलीस. पुढचं मी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी जमादार पंचनाम्याला आला. खोली बघून त्यानं विचारलं, "खिडकी कुणी लावली होती?" सरजाबाई कुबड्या घेऊन भिंतीला टेकलेल्या, दारात शेजारी उभे. तू माझ्याकडं बघितलंस, मग मांडीवरच्या पोरीकडं, आणि म्हणालीस, "म्या लावली." त्यानं लिहून घेतलं. मी फरशीकडं बघत राहिलो. मग सरजाबाईंचा तोल सुटला. "पोरगी उचलून खाली आणली अन् माझ्या लेकीला मरायला ठिवलं! तुझ्या पोटी लेकरू असतं तर कळलं असतं तुला!" डॉक्टर मला बाजूला घेऊन सांगून गेले होते, की पोरगी आणखी अर्धा तास त्या खोलीत राहिली असती तर तीही हाती लागली नसती. म्हणजे तिला तू वाचवलं होतंस. तेही मी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू पिशवी भरून उदगीरच्या बसमध्ये बसलीस, आणि मी तुला स्टँडवर सोडायलासुद्धा आलो नाही.

पोरगी नायगावला आजीकडं वाढतेय. आरतीनं ठरवलेलं नाव ठेवलंय, करिश्मा. मी दर रविवारी जातो. सरजाबाई चहा देतात, जेवायला वाढतात आणि तुझ्या नावानं बोटं मोडतात. मी ऐकत जेवतो. दिवाळीत तुमच्या शेजारच्या गंगम्मा इथं बाजारात भेटल्या. त्यांच्या नातवाच्या बारशाला तू गेलीस तेव्हा सुनेच्या आईनं पाळणा मागं ओढला, तू अंगडं-टोपडं उंबऱ्यावर ठेवून परत फिरलीस, हे त्यांनीच सांगितलं. आता गल्लीत कुणी तुझ्या हातात लेकरू देत नाही म्हणाल्या. हे तू फोनवर कधी बोलली नाहीस. मी तर तोंड उघडायच्या लायकीचाच नव्हतो.

गेल्या आठवड्यात मी झरोके फोडून घ्यायला श्रीमंतला बोलावलं. त्याला सगळं कळलेलं होतं. त्यानं हातोडा खाली ठेवला आणि विचारलं, "साहेब, तुम्ही घरात सांगितलं व्हतं न्हवं?" मी नकारार्थी मान हलवली. मग त्यानं तिन्ही मजल्यांचे झरोके फोडले आणि चहासुद्धा न घेता गेला.

त्या रविवारी नायगावला गेलो आणि सरजाबाईंसमोर सगळं सांगितलं. खिडकी, खटका, श्रीमंतचा इशारा, डॉक्टरांचं बोलणं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. म्हणाल्या, "वर्षभर माझ्या घरी जेवून राहिलात, अन् मी त्या बाईला शिव्या देताना ऐकत राहिलात?" त्यांनी करिश्माला उचलून आत नेलं आणि दार लावलं. मी ओट्यावर बसून राहिलो. संध्याकाळी त्या बाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "आता रविवारी येऊ नका."

काल त्यांचा निरोप आला. येत्या गुरुवारी त्या करिश्माला घेऊन उदगीरला तुझ्याकडं येणार आहेत. मी यायचं नाही असं बजावलंय, आणि ते बरोबरच आहे. पण भाऊ बहिणीला वाचवायला तर हे रचून सांगत नाही ना, ही शंका त्यांच्या मनातून गेलेली नाही. त्या तुला समोर बसवून एकच गोष्ट विचारतील. आणि मी तुला ओळखतो, अक्का. माझी नोकरी जाईल, पोरीचा बाप जेलात जाईल, असं काहीतरी तुझ्या डोळ्यांसमोर येईल आणि जमादाराला दिलंस तेच उत्तर तू त्यांनाही देशील. तसं होऊ नये म्हणून हे पत्र. ते त्यांच्या हातात दे. पोलीस स्टेशनलाही मी खरं काय ते लिहून दिलंय, पुढं जे व्हायचं ते होईल. तुझ्याकडं एवढंच मागतो, या खेपेला मला वाचवू नकोस. आणि त्यांनी पोरगी तुझ्यापुढं धरली तर मागं सरू नकोस, तिला घे.

तुझ्याच हातचं खाऊन वाढलेला, तुझाच,
सिद्धराम