मधून शिवलेली चादर

दि. ९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. हे सवयीने लिहिलं. सगळे म्हणजे आता मी एकटीच, आणि मी बरी आहे. भावोजींची पाठ कशी आहे? भाचीची परीक्षा आता संपली असेल.

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर मी गप्प होते आणि तू "हॅलो, हॅलो, आहेस ना गं?" म्हणत राहतेस. कागदावर गप्प झालं तरी कुणाला कळत नाही.

हा कागद तुझ्या ओळखीचा असेल. आईचं निळ्या रेघेचं लेटरपॅड. त्यावर ती फक्त तुला लिहायची. मला चिठ्ठ्या असायच्या त्या चहाच्या पुड्याच्या आतल्या बाजूला. "दूध आणले आहे. गॅस बारीक ठेव." तुला लिहायचं म्हटल्यावर माझाही हात आपोआप लेटरपॅडकडेच गेला.

ऑफिसचं नेहमीसारखंच. अजून वीजबिलाच्या खिडकीवरच आहे. परवा मी स्वतःचं बिल भरलं, तर शेजारचा कारकून आकडा बघून म्हणाला, "मॅडम, मीटर बंद पडलाय, तक्रार लिहून द्या." मी म्हटलं, मीटर चालू आहे, घर बंद असतं. तो हसला. आई असती तर तिने ते बिल चार घरी नेऊन दाखवलं असतं. ती म्हणायची ना, "दिवसभर लोकांची बिलं घेतेस, आपलं तरी कमी येऊ दे." मी अजूनही न्हाणीघरात शेवटचा तांब्या ओतला की दिवा घालवते, अंगावरचं पाणी अंधारात टिपते. आता सांगणारं कुणी नाही, तरी.

कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "तुमच्या आई गेल्यापासून माझ्या तराजूला धाक राहिला नाही." फुटक्या बिस्किटांचा पुडा त्याने आपणहून बाजूला काढून ठेवला होता. आईसाठी ठेवायचा तसा. मी घेतला. बिस्किटं फुटकी असली म्हणून चवीला कमी नसतात, हे तिचंच वाक्य. पण ताई, तू आलीस की पुडा अख्ख्या बिस्किटांचा यायचा.

तू पत्रात जे मागितलं आहेस त्याचं उत्तर पाच दिवस लांबवलं. रोज वाटायचं, आज लिहू. आता लिहिते.

तू लिहिलंस, "आईची ती मधून शिवलेली चादर मला पाठवशील का? बाकी काही नको." ते वाचून माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळं होईल. मला वाटलं, नवं होतं तेव्हा सगळं नवं हिला, आणि आता जुनंही हिलाच.

तुझं लग्न झाल्यापासून आपल्या घरात दोन घरं होती. एक आमचं. त्यात साबणाच्या चिपट्या एकमेकींना चिकटवून केलेली वडी होती, पोट कापून आतून निपटलेली टूथपेस्ट होती, एका शेगडीवरून कागदाच्या सुरळीने पेटवलेली दुसरी शेगडी होती. दुसरं घर कपाटात होतं. नवे टॉवेल, सुवासिक साबण, फुलाफुलांचे कप, दोन कोऱ्या चादरी. ते कपाट वर्षातून चार दिवस उघडायचं. तू यायचीस तेव्हा.

मी एकदा तिला विचारलं होतं, एक टॉवेल मला काढून दे, माझा आरपार दिसतो.

"तो ताईचा आहे."

"ताईकडे टॉवेल नाहीत का?"

"आहेत. पण ती पाहुणी आहे. तू घरची. घरच्यांना चालतं."

पगार माझा होता, ताई. त्यातून आई काडीकाडी वाचवायची, आणि वाचलेलं त्या कपाटात जायचं. मी कधी बोलले नाही. बोलायचा माझा स्वभाव नाही आणि तुला मुद्दाम काही मिळतं असंही नव्हतं, तू तर मागतही नव्हतीस. पण पोटात दुखायचं. तू जायचीस त्या दिवशी आई तुझा कप स्वतः विसळायची, पुसायची, कागदात गुंडाळायची. माझा कप मीच विसळायचे. एवढ्याशा गोष्टीने दुखायचं, म्हणून कुणाला सांगायचीही लाज.

चादरीचं तुला नीट माहीत नसेल. आमच्या पलंगावरची मोठी चादर निजून निजून मधोमध विरली. आईने ती लांबीत सरळ फाडली, धडक्या कडा मध्ये आणून जोडल्या आणि विरलेला भाग दोन्हीकडे बाहेर नेऊन दुमडून टाकला. शिवून झाल्यावर मला म्हणाली, "अंथरूण पाहून पाय पसरायचे, आणि अंथरूण फाटलं तर उलटून शिवायचं." तेव्हापासून ती शिवण आमच्या दोघींच्या मधोमध यायची. आई तिच्यावर हाताची कड ठेवून सांगायची, "हा बांध. पलीकडे तू, अलीकडे मी. पाय इकडे आले तर भाडं लावीन." विनोद करायची ती, फक्त आडवी झाल्यावर करायची. दिवसभराचं काम संपलं की तिची जीभ सैल व्हायची. तुला ती आई माहीत नाही. एवढं एकच माझ्याजवळ आहे जे तुझ्याजवळ नाही, आणि तू तेच मागितलंस.

आणखी एक गोष्ट. तू आलीस तेव्हा तुला सांगितली नव्हती. आईला शेवटी उठवत नव्हतं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाली स्वच्छ, गुळगुळीत चादर घाला, शिवणीने पाठ सोलेल. मी कपाटातली कोरी चादर काढली. आईचा आवाज तेव्हा अगदी बसला होता. तिने माझं मनगट धरलं.

"ती ताईची आहे. ठेव."

"अगं, शिवण टोचेल तुला."

"टोचू दे. मला आपलीच चालते."

त्यानंतर ती पाणी मागायची, कूस बदल म्हणायची, पण नीट असं काही बोलली नाही. म्हणजे आईचं माझ्याशी शेवटचं बोलणं तुझ्या चादरीबद्दल झालं. गेले दोन महिने मी हे धरून बसले आहे.

म्हणून तुला चादर पाठवणार नाही. त्याऐवजी कपाटातलं सगळं तुझ्या नावाचं आहे, ते पार्सल करून पाठवते. टॉवेल, साबण, कप, दोन्ही चादरी. ज्याचं त्याला गेलं की कपाट मोकळं होईल. उद्या ऑफिसला सुट्टी टाकली आहे, उद्याच बांधते.

सोमवार, दुपार

काल तिथेच थांबले. आजचा कागद पाठकोरा आहे, ऑफिसातला. मागच्या बाजूला कुणाची तरी बिलं दिसतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. लेटरपॅडची उरलेली पानं घ्यायला गेले तर ती एकमेकांना चिकटून पिवळी पडलेली. वरची दोन-तीनच चांगली होती, ती काल संपली.

पार्सलसाठी सकाळी कपाट उघडलं. साबणाच्या वड्या वाळून चिरा पडल्या आहेत, वास पार उडाला आहे. एका चादरीची घडी उलगडली तर घडीवरच तांबूस रेघ. उशांच्या अभ्र्यांच्या नाड्या हातात तुटून आल्या. म्हटलं, हे असलं पाठवायचं तरी कसं, आधी काय वापरण्यासारखं आहे ते बघू. खरं सांगायचं तर मला बघायचंच होतं. इतकी वर्षं ज्याच्यावर जळले ते एकदा अंगाला लावून बघायचं होतं.

आंघोळीला तुझा साबण घेतला. फेस आला, वास नाही आला. मग तुझा टॉवेल. ताई, कोरा टॉवेल पाणी टिपतच नाही. नुसतं अंगावरून इकडचं तिकडे सरकवतो. मी ओल्या पाठीनेच कपडे घातले. माझा आरपार दिसणारा टॉवेल एका हातात कोरडं करतो. तू दर वर्षी चार दिवस अशीच ओल्या पाठीने बाहेर येत होतीस का? कधी बोलली नाहीस.

मग पलंगावर कोरी चादर घातली आणि जरा आडवी झाले. खळीने ती कागदासारखी कडक, कूस बदलली की वाजते. खरेदीच्या पावतीवर झोपल्यासारखं वाटलं. आमच्या खोलीतून तू बाहेरच्या खोलीत कूस बदलताना ऐकू यायचं, तो आवाज हाच. आई कान देऊन म्हणायची, "तिला झोप येत नाही वाटतं." मी म्हणायचे, गादी मऊ पडत असेल राणीसाहेबांना. आई भिंतीकडे कूस वळवायची.

पडल्या पडल्या मला तो कप आठवला. शेवटच्या दिवसांत आईचं डोकं मांडीवर घेऊन तू बसली नव्हतीस म्हणून मी तुझ्यावर मनातून रागावले होते, पण कपाचं विसरले होते. ती गेल्यावर तू आलीस, दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलीस आणि फडताळातला आईचा कान तुटलेला कप घेऊन त्यात चहा ओतलास. मी तो तुझ्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, "राहू दे, तुझा कप वेगळा आहे." आणि फुलांचा कप पुढे ठेवला. मला वाटलं, आई असती तर असंच करती. थोडं असंही वाटलं, की बघ, हा तुझा आणि तो आमचा. तू चहा न पिताच उठलीस. आठवडाभर राहणार होतीस, चौथ्या दिवशी भाचीच्या परीक्षेचं सांगून गेलीस. परीक्षा तेव्हा लांब होती, एवढं मलाही कळत होतं.

कपाट कुठून सुरू झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. लग्नानंतर भावोजी पहिल्यांदा आले तेव्हा आईने त्यांना टवका उडालेल्या कपात चहा दिला. घरात दुसरा नव्हताच. त्यांनी काही नाक मुरडलं नाही, फक्त कप फिरवून घेतला आणि चांगल्या कडेने प्यायले. कुणीही तसंच पितं. पण आईने ते पाहिलं. तुम्ही गेल्यावर ती मला म्हणाली, "माझ्या लेकीला माझ्या घरात कप फिरवून प्यायला लागता कामा नये." पुढच्याच पगारात ते फुलांचे कप आले. मला वाटत आलं, ते कपाट म्हणजे तुझे लाड. ते आईचं लाजणं होतं. त्यात तिने तुलाही बसवून ठेवलं, त्या कपांसारखं, कागदात गुंडाळून.

तरीही चादर मी पाठवणार नाही. समजूत पटली म्हणून पोटातलं दुखणं थांबतं असं नाही. ती माझी आहे. आईची बाजू अजून मी मोकळी ठेवते, शिवणीच्या पलीकडे जात नाही.

पार्सलही पाठवणार नाही. टॉवेल तीनदा धुऊन मऊ करायला टाकले आहेत, एकाची खळ निघाली आहे. साबण मी वापरते आहे. फुलांचे कप वरच्या काकूंना दिले, त्यांच्याकडे पाहुणे फार येतात.

तूच ये. सुट्टी असेल तेव्हा, एकटी ये. आल्यावर तुला अंधारात अंग पुसावं लागेल. बिस्किटं फुटकी मिळतील. बाहेरच्या खोलीत तुझं अंथरूण घालणार नाही, पलंगावर आईच्या बाजूला झोपायचं. शिवण मध्ये येईल, पाय इकडे आले तर भाडं लावीन. कान तुटलेला कप घासून खाली काढून ठेवला आहे. त्यातून प्यायचं तर दोन्ही हातांनी धरावा लागतो, नाहीतर भाजतं. आई कशी धरायची ते दाखवीन.

तुला चालेल ना? घरच्यांना चालतं.

तुझी
धाकटी