पेटीत नसलेलं रीळ

अण्णा, उद्या सकाळी माझी गाठ काढणार आहेत. तुमच्या होती तिथंच, उजव्या कुशीत. घर ठेवलं नाहीत, सोनं ठेवलं नाहीत, ही मेली गाठ तेवढी लेकीला ठेवून गेलात. खाट खिडकीजवळची मिळालीय. दुपारचं ऊन पायावर आलंय, शेजारची बाई जेवून घोरतेय आणि माझं ताट सकाळपासून तसंच झाकून पडलंय. हातातल्या बांगड्या, गळ्यातलं, नाकातलं सगळं काढून ठेवा म्हणून नर्स दोनदा सांगून गेली. मी म्हटलं, नवरा जिवंत असताना बाईनं मोकळ्या हातानं झोपू नये. ती बिचारी पुढच्या खाटेकडं गेली. पण खरं कारण ते नाहीच. बांगड्या उतरल्या की सगळं सुरू होईल आणि मग कुणाच्या हातात काही राहणार नाही, असं वाटतंय.

तुमची आठवण येणारच होती. हॉस्पिटल म्हटलं की मला तुमच्या टॉकीजची ती मशीनची खोली आठवते. रविवारी आई मला डबा घेऊन धाडायची. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. जिना चढून यावं तर आत भट्टी पेटल्यासारखी धग, तुम्ही बनियनवर, खांद्याला ओला पंचा. भिंतीतल्या चौकोनी भोकाशी मला स्टुलावर उभं करता आणि म्हणता, "बग, पर हात लावू नगं कशाला." त्याच भोकातून मी तो हॉस्पिटलचा सिनेमा बघितला. काळा-पांढरा, आमच्या जन्माआधीचा. दोन येडपट मित्र, त्यातल्या एकाच्या पोटात दुखतं म्हणून भरती होतात, आणि त्या हॉस्पिटलात रोज एक श्रीमंत पेशंट मरतो. खाली पब्लिक हसून लोळतंय. एक येडपट मेलेल्याच्या खाटेवर झोपतो, दुसरा नर्सचे कपडे घालून पळतो. आणि मधूनच तो भुलीचा गॅस देणारा डॉक्टर येतो, जाड चष्मा, हातात रबरी मुखवटा. तो आला की मी डोळे मिटते आणि तुमचा पंचा धरते.

आपल्या टॉकीजला नवा सिनेमा कधी आलाच नाही. चार गावं फिरून, झिजून, तुटून झाली की मग रिळांची पेटी आपल्याकडं यायची. या सिनेमाची उघडली तर शेवटाच्या आधीचं एक रीळ आतच नव्हतं. तुम्ही मॅनेजरला सांगितलंत, तर तो म्हणाला, चालव तसाच, जुन्या सिनेमाला कोण विचारतंय. आणि कुणी विचारलंही नाही. गॅसवाला डॉक्टर मुखवटा घेऊन अंधाऱ्या बोळात शिरतो, दोघं येडपट त्याच्या मागं, आणि पुढच्या क्षणाला एकदम लग्नाचा मांडव आणि गाणं. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या आणि उठलं. बाहेर गेटवर लोक तुम्हालाच विचारायचे, की खून केला कुणी? तुम्ही बिडी पेटवून ठासून सांगायचात, "गॅसवाल्यानं की. दुसरं कोन करनार?" झालं. आपल्या चाळीत तो कायमचा खुनी ठरला. इंजेक्शनला रडणाऱ्या पोराला आया म्हणायच्या, गप, न्हायतर गॅसवाला येईल.

तुमच्या धैर्याची ख्याती होतीच. एकदा मशीनमध्ये फिल्म पेटली तेव्हा तुम्ही नुसत्या हातानं ती ओढून विझवलीत आणि खाली कुणाला कळू दिलं नाहीत. तळव्यावरचा तो चकाकता डाग तुम्ही आम्हाला कौतुकानं दाखवायचात. म्हणून तर गाठ निघाली तेव्हा आम्ही निर्धास्त होतो. काढली तर धोका नाही, ठेवली तर सांगता येत नाही, असं सर्जन म्हणाले. आजही माझ्या सर्जनांनी तेच शब्द वापरले. तुम्ही खाटेवर बसलात, अंगावर तो हिरवा झगा. गॅस देणारे डॉक्टर तपासायला आले, आणि तुम्ही उठून शर्ट चढवलात. हसत म्हणालात, "मला म्हाईत हाय खून कोन करतंय हितं. म्या पुरा सिनेमा बगितलाय." वॉर्डात सगळे हसले. आई हसली, मी हसले, डॉक्टरसुद्धा हसले. ऑपरेशन न करताच घरी निघालो, रिक्षात बसेपर्यंत हसत होतो आपण. पुढची दिवाळी तुम्ही बघितली नाहीत.

परवा लेकीनं तो सिनेमा मोबाईलवर शोधून काढला. म्हणाली, आई, बघ, तेवढंच मन रमेल. याच खाटेवर उशीला टेकून बघितला. अण्णा, ते रीळ आहे त्यात! बोळात पुढं काय होतं ते सगळं आहे. गॅसवाला डॉक्टर खुनी नव्हताच. तो खुन्याच्या मागावर होता. खून करत होता तो पेशंटना मोसंबी वाटत फिरणारा गोड बोलणारा म्हातारा. डॉक्टरच त्या येडपटाला मरताना वाचवतो. मी मोबाईल पालथा ठेवला आणि मला रडू फुटलं. वाटलं, माझा बाप एका हरवलेल्या रिळापायी गेला. इतका राग आला त्या मॅनेजरचा, त्या पेटीचा, की विचारू नका.

मग राहवेना, म्हणून तुमच्या गेटकीपर दोस्ताला फोन लावला. आहेत अजून, कानानं कमी ऐकू येतं. ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "पोरी, त्येला ठावं हुतं. दुसऱ्याच वर्सी बार्शीला पुरी पेटी आलती. आमी दोगंबी जाऊन बगितला की."

मी विचारलं, मग त्या दिवशी असं का म्हणाले?

"भ्या वाटत हुतं त्येला. लई. मला म्हनला, घरात सांगू नगं."

म्हणजे रीळ हे कारण नव्हतंच. तुम्ही भीत होतात. पेटती फिल्म हातानं विझवणारा माणूस भीत होता, आणि आम्हाला ते कळू नये म्हणून त्यानं आम्हाला हसवलं. एकदा म्हणाला असतात तर आईनं हात धरला असता, मी पाय धरून बसले असते. बाप्या माणसानं भ्यायचं नाही, हे कुणी शिकवलं हो तुम्हाला? रागावू की कुशीत घेऊ, काही कळत नाहीय मला.

आणि मी तरी काय दिवे लावले! मघाशी गॅस देणाऱ्या डॉक्टरीण बाई आल्या होत्या. सांगोल्याकडची पोर, माझ्या लेकीएवढी. मनगट धरून तिनं विचारलं, "मावशी, भीती वाटतीय का?" आणि माझ्या तोंडून काय निघावं? म्हटलं, मला म्हाईत हाय बाई, हितं खून कोन करतंय. ती खळखळून हसली. खाटेशी उभी असलेली माझी लेकही हसली, तोंडाला पदर लावून, अगदी निर्धास्त. ते हसणं मी ओळखते. रिक्षात ते माझ्याच तोंडावर होतं.

हा कागद काही पोस्टात टाकायचा नाहीय. लेक खाली मोसंबी आणायला गेलीय, सोललेल्या साली यातच गुंडाळीन. पण एक सांगते, अण्णा, तुम्हालाच. डॉक्टरीण बाई गेल्यापासून मी पायात चपला घालून बसलेय. पिशवीही भरलीय. जिना कुठं आहे तेही बघून ठेवलंय. आता त्याच जिन्यावर तिची पावलं वाजतायत. ती आली की तिला हसवायचं नाही, असं ठरवलंय. तिच्यापुढं हात करणार आहे आणि म्हणणार आहे, बाळ, मला लई भ्या वाटतंय, ह्या बांगड्या तू काढ.