निनावी फोनची सोय

केम्नित्स, जर्मनी, मे २००५

प्रिय अनेग्रेट,

तुमच्या अमेरिकी मुख्य कचेरीच्या एका अक्षम्य अपराधाबद्दल ही तक्रार सविनय सादर. तुमचं पोस्टर आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनच्या फळ्यावर, नेमकं पदार्थांच्या नावांवर चिकटवलं गेलं, आणि मसुराच्या सूपच्या आशेने रांगेत उभ्या राहिलेल्या मला उकडलेला कोबी गिळावा लागला.

पोस्टर सांगतं: सहकाऱ्याचा गैरव्यवहार दिसला तर निनावी फोन करा, फोन फुकट. रंगखात्यातल्या गेर्लिंडेबाई म्हणाल्या, "काय हो फोल्कमार, पुन्हा चुगल्या? पूर्व जर्मनीच्या काळात निदान चुगलीचा फोन तरी फुकट नव्हता!" सगळे हसले. मीही हसलो. पण त्या काळात चुगली करून आपल्या बाबांना गुप्त पोलिसांच्या हाती कुणी दिलं, ते आजवर कळलेलं नाही.

परवा तू अमेरिकेहून फोनवर म्हणालीस, "दादा, इथला कायदाच आहे. सगळ्या कारखान्यांत ही सोय हवी, आणि जबाबदारी माझ्यावर आहे." बाई गं, इथलाही कायदा आहे. कारखान्यातल्या कामगारांनी निवडलेल्या कामगार मंडळाच्या संमतीशिवाय असली सोय करता येत नाही, आणि त्या मंडळाचा अध्यक्ष दुर्दैवाने तुझा भाऊ आहे. उद्या मतदान. बहीण-भावाचं संगनमत असं कुणी म्हणू नये, म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

मी विरोधात मत देईन. ते योग्य आहे याची मला खात्री आहे. त्यानंतर तुझी नोकरी राहील याची मात्र नाही, आणि तू माझ्याशी बोलशील याचीही नाही.

तुझा,
फोल्कमार