पुस्तकातला बावीसचा आकडा

कोपरी, ठाणे
२० मे २०२५

ती. दर्शनाताईस,
शि. सा. न. वि. वि.
आईचं तेरावं करून तू जर्मनीला परतलीस आणि घर गप्प झालं. बाबा जेवतात, पण ताट कुणी वाढलं ते बघत नाहीत. फोनवर बोलताना ते शेजारीच असतात, म्हणून पत्र लिहितोय.
एक विचारायचं होतं. तू गाड्यांच्या चाचण्या करतेस ना? आपल्या गाडीच्या पुस्तकात लिटरला बावीस ॲव्हरेज लिहिलंय. तीच गाडी तुमच्याकडे अठरा दाखवते, असं वाचलं. असं का?
लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा, हितेश

स्टुटगार्ट
२ जून २०२५

चि. हितेशला,
अनेक आशीर्वाद.
शाळेत असताना विज्ञानाचं पुस्तक उशीखाली घेऊन झोपणारा तू आज हे विचारतोयस, हसूच आलं.
अरे, गाडी तीच, परीक्षा वेगळी. प्रयोगशाळेत गाडी जागच्या जागी फिरणाऱ्या रोलरवर चालवतात. किती वेगाने, किती वेळ, किती थांबायचं, हे प्रत्येक देश ठरवतो. आपल्याकडची चाचणी संथ, वेग नव्वदच्या वर जात नाही आणि एसी बंद. इथे एकशे तीसपर्यंत पळवतात. अमेरिकेत एसी लावूनही तपासतात आणि आलेला आकडा आणखी खाली आणतात. खोटं कुणीच बोलत नाही. पण तो आकडा गाड्यांची आपसात तुलना करायला असतो, रस्त्यावर भरवसा ठेवायला नव्हे. मे महिन्यात, एसी लावून, कल्याणच्या ट्रॅफिकमध्ये पंधरा-सोळा मिळाले तरी खूप.
पण तुला आत्ताच हे का सुचलं? खरं सांग.
माया असू दे.
तुझी ताई

कोपरी
१४ जून २०२५

ती. ताईस,
सा. न.
आईला हॉस्पिटलमध्ये नेताना इंजिन तापून गाडी बंद पडली, असं मी सगळ्यांना सांगितलेलं. ते खोटं होतं. पेट्रोल संपलेलं.
पेट्रोलचा काटा त्याच आठवड्यात बिघडलेला. दहा लिटर टाकलं की दोनशेवीस किलोमीटर, असा हिशेब धरून मी चालवत होतो. त्या दुपारी खडवलीला सगुणामावशीकडे आईच्या छातीत दुखायला लागलं. मावशीला सोबत घेऊन मी कल्याणच्या हॉस्पिटलकडे निघालो. आई घामाने भिजलेली, म्हणून एसी फुल केला. वाटेत पंप लागला. एकशे पंचावन्न झालेले, अजून पासष्ट शिल्लक, असं मी धरलं. थांबलो नाही. पाच किलोमीटरवर गाडी बंद पडली.
टेम्पो मिळायला पंचवीस मिनिटं गेली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.
बाबांना माहीत नाही. मला ताई म्हणू देशील ना?
हितेश

कोपरी
६ जुलै २०२५

चि. दर्शना हिस,
काळुरामचे आशीर्वाद.
‘बाबांना तूच सांग, मी तुला टाकणार नाही,’ असं तू हितेशला लिहिलंस. ते पत्र त्याने मला वाचून दाखवलं आणि मग सगळं सांगितलं.
मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्याला घेऊन रिक्षाने त्या जागी गेलो. दोन्ही बाजूंना नुसतं गवत. तुझी आई इथे पंचवीस मिनिटं बसलेली. काय बोलली, विचारलं. तो म्हणाला, ‘बाबांना आत्ता कळवू नको, घाबरतील,’ एवढंच आई म्हणाली.
तिथेच मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, माझ्या मनात काही नाही. रात्री तो पोटभर जेवला, किती दिवसांनी.
तुला म्हणून लिहितो. माझ्या मनात आहे, पोरी. जाईल की नाही, सांगता येत नाही. त्याला हे कधी कळू देऊ नकोस.
जपून राहा, म्हाताऱ्याची आठवण ठेव.
तुझे बाबा